यादीत नसलेल्या कौसाबाई

करोनाच्या साथीत आमच्या शाळेत शिक्षकांना लस द्यायला सुरुवात झाली. खिचडी शिजवणाऱ्या कौसाबाई रांगेत शेवटी उभ्या होत्या. शाळेतल्याच विलगीकरण कक्षात त्या रोज चाळीस रुग्णांना जेवण वाढत होत्या, आणि घरी नवरा दम्याचा.

गटशिक्षणाधिकारी यादी बघून गुरकावले, "बाई, तुम्ही मानधनावर. कर्मचारी नाही. निघा!"

सिस्टर लसीची पेटी बंद करू लागल्या.

कौसाबाई हळूच म्हणाल्या, "बरं साहेब, मी कर्मचारी नाही, एवढंच लिहून सही करा. कर्मचाऱ्यांनी कक्षात हजर व्हावं, नाहीतर कारवाई, असं तुमचंच पत्र मला आलंय. तुमची सही दाखवली की मी सुटले. उद्या वाढायला यादीतलं कुणी पाठवा."

साहेबांनी शिक्षकांकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली.

साहेबांनी पेन काढलं आणि यादीच्या तळाशी कौसाबाईंचं नाव लिहिलं.