कापून टाकलेले तुकडे

“आणि भोंगा वाजला की सगळे उठतात, तुझा नायक एकटाच का बसून राहतो रं?” आक्कांनी विचारलं.

“तेच तर सांगायचंय, आक्का!” शार्दूल खुर्चीच्या कडेला सरकला.

आक्का म्हणजे कोल्हापुरातल्या जुन्या संकलक इंदुमती साळोखे. चाळीस वर्षं लोकांचे चित्रपट कापण्यात गेली. शार्दूल त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. त्याचा पहिला चित्रपट उद्या सकाळी महोत्सवाला जायचा होता, आणि आक्का ‘पाठव’ म्हणाल्याशिवाय त्याचा हात पुढे होत नव्हता. शिष्य कितीही फुशारला तरी ही भीती काही जात नाही.

चित्रपटाची गोष्ट भविष्यातल्या एका शहराची होती. सगळ्यांचे झगे राखाडी, केस एकाच मापाचे. चौकातला भोंगा सांगेल तेव्हा उठायचं, सांगेल तेव्हा हसायचं.

“रंग मी मुद्दाम काढून घेतलेत,” शार्दूल सांगू लागला. “कॅमेरा गर्दीकडे वरून बघतो, माणसं मुंग्यांएवढी दिसावीत म्हणून. नायकाकडे मात्र खालून. भोंग्यावर बोलणारा तर शेवटपर्यंत दिसतच नाही. लोक मुकाट्याने माना कशा डोलावतात, ते प्रेक्षकांना डोळ्यांत अंजन घालून दाखवायचंय मला.”

“छान.”

त्याला एवढंसं ‘छान’ नको होतं.

“म्हणजे... पाठवू?”

“कापलेलं कुठंय?”

ही आक्कांची जुनी खोड. चित्रपट बघून झाला की त्यातून कापून टाकलेले तुकडे बघायचे, त्याशिवाय मत द्यायचं नाही. बाई खरकटं बघून स्वयंपाक ओळखतात, असं स्टुडिओतली माणसं हसून म्हणायची.

शार्दूलने नाखुशीनेच लॅपटॉपवर ते तुकडे लावले.

तोच चौक. तीच चाळीस माणसं. भोंगा वाजला, सगळी एकदम उठली... आणि तिसऱ्या रांगेतली एक बाई मागाहून उठली. तिने इकडेतिकडे बघितलं आणि झग्याची बाही तोंडाला लावून हसली.

“ही कोण रं?” आक्का पुढे वाकल्या. त्यांचे डोळे एकदम लकाकले.

“असेल कुणीतरी, गर्दीतली. नऊ वेळा दृश्य घेतलं, आक्का! नऊही वेळा हिने घोळ घातला. सगळ्यांसारखी उठेचना.”

“मग?”

“मग काय... दहाव्या वेळी काढली तिला.”

“हं. नववा लाव.”

नवव्या तुकड्यातही बाई मागाहून उठली. या वेळी तिच्या शेजारचा माणूसही हसला. तेवढ्यात त्याच भोंग्यातून आवाज कडाडला.

“सगळ्यांसारखं उठायला काय होतं? ए बाई, तू! बाहेर हो! बाकीच्यांनी हसायचं नाही!”

बाईचं हसू तिथंच विरलं. चाळीसच्या चाळीस चेहरे गप्प झाले...

तो आवाज कुणाचा, हे शार्दूलला क्षणभर कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याची कानशिलं तापली. इतके खरे घाबरलेले चेहरे त्याच्या अख्ख्या चित्रपटात नव्हते.



“आक्का, तो मी... म्हणजे घाई होती, ऊन उतरत होतं...”

आक्कांनी हात वर केला. चित्र मागे नेलं आणि बाईच्या हसऱ्या चेहऱ्यावर थांबवलं. बराच वेळ त्या तो चेहरा निरखत राहिल्या.

“नाव काय हिचं?”

“...विचारलं नाही.”

शार्दूलला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. तरी उद्याची सकाळ काही डोक्यातून जाईना.

“मग आक्का... पाठवू की नको?”

आक्कांनी लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

“मला काय विचारतोस? हिला विचारून ये.”