झेंड्याचा रंग

कोण जाणे किती पिढ्यांपूर्वी, डोंगराच्या पायथ्याशी मणी ओवणाऱ्यांचं एक गाव होतं. मोहरीएवढे मणी ओवायला लहान बोटं लागतात, म्हणून पाच वर्षांचं झालं की मूल माळघरात बसे. सकाळी आत जाई, ते सूर्य मावळल्यावरच बाहेर येई. एखादं मूल काम पार नाकाशी धरू लागलं, की थोरांना कौतुक. "किती मन लावतंय," म्हणायची ही शहाणी माणसं.

तुळसाचंही असंच कौतुक झालं. पण एकदा पाणवठ्यावर ती परक्याच बाईला आई समजून बिलगली. तिची आई भागू शेजारीच कळशी भरत होती. धाकटी रखमा पुढच्याच महिन्यात माळघरात बसणार होती.

भागू म्हाताऱ्या वैदिणीकडे धावली. म्हातारी म्हणाली, "पोराबरोबर त्याचा डोळाही वाढतो गं. दिवसभर जवळचंच बघितलं, उजेड मिळाला नाही, की तो जवळच्यापुरताच होतो. अन् पोर वाढतं तसा आणखी बिघडतो. तुळसाचं गेलेलं मला आणता यायचं नाही. रखमाला मात्र उन्हात हुंदडू दे."

भागू रखमाला रोज अर्धा दिवस रानात सोडू लागली. "पोरगी वाया जाणार," पाटील म्हणाले. गाव चार वर्षं हसलं.

जत्रेच्या दिवशी मुलांनी समोरच्या डोंगरावरच्या देवीच्या झेंड्याचा रंग सांगायचा, अशी रीत होती. झेंडा दरवर्षी लालच असे. त्या वर्षी भागूने पुजाऱ्याला विनवून पिवळा लावायला लावला.

"झेंडा कसा?" पाटलांनी विचारलं.

"लाल," सगळी पोरं एका सुरात म्हणाली. पाटलांची नातही म्हणाली.

"आज पिवळा आहे, आजोबा," रखमा म्हणाली.

पाटलांनी डोळे बारीक केले. त्यांना डोंगरसुद्धा धड दिसेना. पुजाऱ्याने मान डोलावली.

तेवढ्यात तुळसा पुढे आली. "मला झेंडा कधी दिसलाच नाही. सगळे लाल म्हणतात, म्हणून मीही म्हणायचे."

"मलाही नाही," पाटलांची नात म्हणाली. मग एकेक मूल बोलू लागलं.

पाटलांनी पागोटं उतरवून भागूपुढे मान झुकवली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी आत उजेड यावा म्हणून स्वतःच्या हातांनी माळघराची भिंत पाडली, आणि दुपार झाली की पोरांना रानात पिटाळण्याचं काम तुळसाला दिलं. तिची नजर परत आली नाही, पण आणखी खालावलीही नाही. त्यानंतर माळघरात बसलेली धाकटी पोरं मात्र काही वर्षांत झेंड्याची उसवलेली कडसुद्धा सांगू लागली. त्यांनी ती पहिल्यांदा सांगितली, त्या दिवशी भागू भर जत्रेत आनंदाने रडली.

तात्पर्य: मूल मान खाली घालून किती काम करतं याचं कौतुक करण्याआधी, मान वर केल्यावर त्याला किती लांबचं दिसतं ते पाहावं.