माळावरच्या पाच जणी आणि नीलगायी

एका खडकाळ माळावर एक घूस राहत असे. दिसायला ओबडधोबड, रंगाने मातकट. पण एकदा मनावर घेतलेले काम तडीस नेल्याशिवाय ती स्वस्थ बसत नसे. बीळ खणताना मध्ये दगड लागला, तर ती दगडावर चिडत नसे. त्याच्या कडेने खणू लागे.

या घुशीला चेंडू खेळण्याचा भारी नाद होता. तिच्यासारख्याच नादिष्ट आणखी चौघी तिला मिळाल्या होत्या. खार फार चपळ होती, पण चेंडू मिळाला की तो दुसरीला देणे तिच्या जिवावर येई. काटेरी साळू अंगाने भक्कम, पण लवकर रागावणारी. घोरपड मोजकेच बोले आणि दोन दगडांच्या मध्ये उभी राहून गोल राखी. पाचवी चिचुंद्री. तिला डोळ्यांनी अंधुक दिसे, पण कान इतके तिखट की वाळक्या पानावरून मुंगी चालली तरी तिला कळे.

मुलांनो, माळाच्या पलीकडे नदी होती आणि नदीच्या आसपास आणखी तीन राज्ये होती : सागाचे रान, बांबूचे बेट आणि पाणथळ. या चार राज्यांच्या माद्यांची दर तीन वर्षांनी नदीकाठच्या वाळूत स्पर्धा भरे. वेलींचा विणलेला, बेलफळाएवढा चेंडू असे. तो पायाने किंवा डोक्याने मारायचा. फक्त गोल राखणारीने अंगाने कसाही अडवावा. हरलेल्या संघाने घरी जायचे, जिंकलेल्याने पुढे खेळायचे, असा साधा नियम होता. सागाच्या रानातल्या नीलगायी गेल्या चारही स्पर्धा जिंकल्या होत्या. त्या मैदानात आल्या की बघणारे आधीच म्हणत, "चला, निकाल लागला."

मागच्या खेपेस माळाची गाठ पहिल्याच सामन्यात नीलगायींशी पडली होती. माळावाल्या अकरा गोलांनी हरल्या, आणि त्यांना स्वतःला एकही गोल करता आला नाही. माळावरच्या नरांचा संघ स्पर्धेला निघाला की ढोल वाजत, सगळे वेशीपर्यंत पोचवायला जात. या पाच जणींना पोचवायला कोणी गेले नव्हते. परत आल्यावर मात्र सगळा माळ बघायला जमला. कोल्ह्याची पिल्ले घुशीला "अकराताई, अकराताई" म्हणून चिडवू लागली, आणि ते नाव तीन वर्षे टिकले.

यंदाची स्पर्धा महिन्यावर आली तेव्हा रानडुक्कर पंचांकडे गेला. माळाचा मुख्य पंच एक म्हातारा लांडगा होता.

"आजोबा," रानडुक्कर म्हणाला, "त्या पाच जणी खेळतात त्या मैदानाखाली कंद आहेत. वरून चेंडू लाथाडण्यात ती जमीन फुकट चालली आहे. मला खणायला द्या."

लांडग्याने घुशीला बोलावून घेतले. "हे बघ पोरी, तुम्ही खेळता त्याला माझी हरकत नाही. पण त्यातून माळाला हसण्यापलीकडे काय मिळालं? यंदा पुन्हा पहिल्याच सामन्यात हरून आलात, तर मैदान याला देईन."

"आणि तो सामना जिंकलो तर, आजोबा?"

लांडग्याला हसू आवरेना. "जिंकलात तर मैदान कायमचं तुमचं. सगळ्या पंचांसमोर शब्द देतो."

दुसऱ्याच दिवशी नदीवरून निरोप आला. पहिला सामना नीलगायींशीच होता.

त्या संध्याकाळी पाचही जणी मैदानावर जमल्या, पण चेंडूला कोणी पाय लावला नाही. साळू म्हणाली, "डुकराला आजच सांगून टाकू या, ये आणि खण. तेवढीच आपली पायपीट वाचेल."

"मागच्या वेळी आपण काय चुकलो, ते आधी सांगा," घूस म्हणाली.

"चुकलो काय, घाबरलो!" खार म्हणाली. "मला तर त्यांचे पायच दिसत होते. चेंडू कुठे होता ते आठवतच नाही."

सगळ्यांचे बोलून झाल्यावर चिचुंद्री हळूच म्हणाली, "मला एक ऐकू आलं होतं. त्यांची कर्णधार आहे ना, ती गोलावर चेंडू मारायच्या आधी वाळूत खूर घासते. एकदा घासला की चेंडू आपल्या उजव्या दगडाकडे येतो, दोनदा घासला की डाव्या दगडाकडे. अकराही वेळा तसंच झालं."

"अगं, मग तेव्हाच का नाही बोललीस?" साळू कडाडली.

"तेव्हा मी तुझ्या मागे लपले होते," चिचुंद्री म्हणाली.

यावर कोणी हसले नाही. लपायला जागा मिळाली असती, तर त्या पाचही जणी लपल्या असत्या.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. घूस कर्णधार नीलगायीची नक्कल करून मातीत दगड घासायची, चिचुंद्री ओरडायची आणि घोरपड झेप घ्यायची. सुरुवातीला घोरपड उशिरा उडे आणि तोंडावर आपटे. पण महिना सरता सरता आवाज आणि झेप यांत अंतर उरले नाही. साळूचे दुखणे वेगळे होते. खेळताना काटे उभे केले तर प्रतिपक्षाला गोलावर फुकटचा फटका मिळे, आणि मागच्या सामन्यात तिने चार वेळा काटे उभे केले होते. म्हणून खार तिला मुद्दाम ढकले, शेपटी ओढे, "जाडे, जाडे" म्हणे. साळू दात आवळून काटे अंगाशी चिकटवून ठेवायला शिकली. खारीला मात्र चेंडू सोडायला शिकवणे काही जमेना. "मी जास्त जोरात पळते, मग मी का देऊ?" असे तिचे म्हणणे.

सामन्याच्या दिवशी नदीकाठी मोठी गर्दी लोटली. पंच म्हणून पाणथळातली एक वयस्क पाणकोंबडी होती. काठावरच्या अर्जुनाच्या झाडाची सावली मैदानाच्या मधल्या रेघेला टेकली की खेळ संपायचा होता.

नीलगायी ऐटीत उभ्या होत्या. त्यांच्यातली सर्वांत तरुण नीलगाय कर्णधाराला म्हणाली, "ताई, त्या पलीकडे सराव करताहेत. जरा बघून येऊ या का?"

"त्यांचं काय बघायचं?" कर्णधार म्हणाली. "लवकर आटपू आणि डोहावर डुंबायला जाऊ. अंतिम सामन्याच्या आधी पाय मोकळे झालेले बरे."

पाणकोंबडीने शीळ घातली. नीलगायींनी दोन टोल्यांत चेंडू पुढे आणला. तिसरा टोला साळूच्या पाठीला लागून वळला आणि चेंडू घोरपडीच्या बाजूने आत गेला. अजून वाळूही नीट उडाली नव्हती. काठावरून कोणीतरी ओरडले, "अजून दहा!"

"झालं," साळू पुटपुटली. "मोजा आता अकरापर्यंत."

घूस चेंडू घेऊन मध्यरेषेकडे जाता जाता थांबली. "एक झालाय, साळूताई. अकरा झालेले नाहीत."

थोड्याच वेळात कर्णधार नीलगाय चेंडू घेऊन गोलासमोर आली. खूर एकदा वाळूत घासला गेला. "उजवा!" चिचुंद्री ओरडली. चेंडू सुटायच्या आधीच घोरपड उडाली होती. चेंडू तिच्या छातीवर बसला. पुढच्या वेळी खूर दोनदा घासला. "डावा!" पुन्हा चेंडू घोरपडीच्या कवेत. मग आणखी एकदा, आणि आणखी एकदा. घोरपडीच्या अंगाला वाळू चिकटली होती. ती आता दगडांच्या मध्ये ताठ उभी राहू लागली होती.

बराच वेळ गेला तरी निकाल एक-शून्यच राहिला. काठावरची बडबड थांबली. एकच गोल हे नीलगायींना कमीपणाचे वाटू लागले. कर्णधाराने चिडून साळूला खांद्याने धक्का दिला. साळू दोन कोलांट्या खाऊन पडली. तिचे काटे थरथरले. घूस लांबूनच ओरडली, "साळूताई!" साळू क्षणभर डोळे मिटून तशीच बसली, मग उठली. काटे पाठीशी सपाट होते. तिच्या जागी तुम्ही-आम्ही असतो तर काय केले असते, ते ज्याचे त्याने स्वतःला विचारावे.

आणखी गोल करायच्या ईर्ष्येने आता चार नीलगायी पुढे सरसावल्या. मागे गोल राखणारी तेवढी उरली. तेवढ्यात घोरपडीने अडवलेला चेंडू घुशीकडे ढकलला. घुशीने तो जमिनीलगत ठेवला आणि थेट नीलगायींच्या पोटाखालून वाट काढली. उंच पायांच्या नीलगायींना आपल्याच पायांत काय चालले आहे ते दिसेना. त्या वळेपर्यंत चेंडू खारीकडे गेला होता. खार एकदा सुटल्यावर तिला कोण गाठणार? तिने चेंडू गोलात घातला आणि आनंदाने अर्जुनाच्या झाडावर चढून बसली. पाणकोंबडीला तिला खाली बोलवावे लागले.

एक-एक. सावली आता मधल्या रेघेच्या अगदी जवळ आली होती.

कर्णधार नीलगाय मात्र उगाच चार वेळा जिंकलेली नव्हती. इतका वेळ तिची नजर चेंडूवर होती. आता पहिल्यांदाच ती समोरच्या पाच जणींकडे नीट बघू लागली. आपल्या प्रत्येक फटक्याआधी एक बारीकशी चिचुंद्री ओरडते, हे तिच्या ध्यानात आले. ती चेंडू घेऊन पुढे आली. तिने खूर दोनदा घासला.

"डावा!" चिचुंद्री ओरडली आणि घोरपड डावीकडे उडाली.

कर्णधाराने चेंडू उजवीकडे मारला.

उजव्या दगडापाशी साळू होती. चेंडू इतका जोरात आला की पाय पुढे करायला वेळच नव्हता. तिने तोंड आडवे घातले. चेंडू नाकावर बसला, ओठ फुटला आणि चेंडू तिच्या पुढ्यात वाळूत पडला. तिने रक्त पुसले नाही. सगळा जोर लावून चेंडू लांब पुढे टोलवला.

खारीने तो गाठला आणि ती धावत सुटली. यावेळी तरुण नीलगाय मागे राहिली होती. ती खारीच्या वाटेत आली. गोल राखणारीही पुढे आली. खारीने मान वळवून पाहिले. मागून घूस येत होती, धापा टाकत, पोट वाळूवर घासत, पण येत होती. खारीने आयुष्यात पहिल्यांदा आपणहून चेंडू सोडला. घुशीने तो डोक्याने ढकलत ढकलत दोन दगडांच्या आत नेला आणि स्वतःही त्याच्याबरोबर आत जाऊन पडली.

सावली रेघेला टेकली. पाणकोंबडीने शीळ घातली. काठावर असा गलका उठला की डोहातले बगळे उडाले.

चौघी जणी घुशीच्या अंगावर पडल्या. "अगं, श्वास घेऊ दे मला!" ती खालून ओरडत होती. साळू तर फुटक्या ओठाने रडत होती आणि "मी रडत नाहीये, लागलंय मला" असे सगळ्यांना सांगत होती.

थोड्या वेळाने कर्णधार नीलगाय त्यांच्यापाशी आली. तिच्याही डोळ्यांत पाणी होते. तिने चिचुंद्रीला विचारले, "तुला कसं गं कळत होतं?"

"तुमच्या खुरांवरून," चिचुंद्री म्हणाली. "मागच्या सामन्यात ऐकलं होतं."

नीलगायीने आपल्या खुरांकडे पाहिले. "मागच्या सामन्यात आम्ही अकरा गोल केले," ती म्हणाली, "पण तुमच्या संघात एक चिचुंद्री आहे, हे मला आज कळलं."

अंतिम सामन्यात माळावाल्यांची गाठ पाणथळातल्या पाणमांजरींशी पडली. पाणमांजरी चांगल्या खेळल्या आणि माळावाल्या तीन-दोन अशा हरल्या. साळूचा ओठ सुजला होता, घोरपडीचा खांदा दुखत होता. पण त्यांनी ही कारणे कोणाला सांगितली नाहीत.

माळावर परतल्या तेव्हा वेशीपाशी ढोल वाजत होते. लांडगा सर्वांत पुढे होता. "मला पहिल्यापासून खात्री होती," तो मोठ्याने म्हणाला.

"हो, आजोबा," घूस म्हणाली. "आणि मैदान?"

लांडग्याने घसा साफ केला. इतर पंच ऐकत होते. "मैदान तुमचं. शब्द दिलाय मी." रानडुक्कर गुरगुरत निघून गेला आणि त्याला ओढ्याकाठी पुष्कळ कंद मिळाले.

तीन वर्षांनी पुन्हा स्पर्धा भरली. या वेळी नीलगायी दोन दिवस आधी आल्या आणि बाकीच्या तिन्ही संघांचा सराव काठावर उभ्या राहून त्यांनी मन लावून पाहिला. माळाशी त्यांचा सामना झाला, तो नीलगायींनी चार-तीन असा जिंकला. खेळ संपला तेव्हा दोन्ही संघ दमून वाळूत बसले होते. त्या दिवशी खेळ सुरू होण्याआधी, निकाल लागला असे काठावर कोणीही म्हटले नव्हते.

तात्पर्य : समोरच्याचे नाव मोठे आहे म्हणून आपला खेळ सोडू नये, आणि आपले नाव मोठे आहे म्हणून समोरच्याकडे पाहायचे सोडू नये.