तीन शिक्के आणि एक ताट

“आजपासून तिन्ही शिक्के माझ्याच कमरेला!” रणधवल राजाने भर दरबारात जाहीर केले, आणि कमरपट्टा असा हलवला की शिक्के खुळखुळले.

भानगड सुरू झाली होती कारंज्यांवरून. राजवाड्याच्या बागेत बारा कारंजी उडावीत म्हणून शेवरगावचे तळे चर खणून राजवाड्याकडे वळवायचे, असा हुकूम राजाने काढला. पण राज्याचा एक जुना ताम्रपट होता. त्यात लिहिले होते, की कायदा सभेने करावा, राजाने तो चालवावा, आणि कायद्यात न बसणारा हुकूम न्यायाधीशाने मोडावा. म्हणून शिक्केही तीन, तिघांकडे. न्यायाधीश मोरेश्वरपंतांनी ताम्रपट पाहिला, सभेला कुणी विचारलेच नाही हे पाहिले, आणि हुकूम मोडला.

राजाने पंतांना घरी बसवले, सभेला कुलूप लावले. उद्या सकाळी शेवरगावात पहिली कुदळ पडणार होती.

“वा! तिघांचा घोळ गेला!” दिवाणजी म्हणाले. राजा शिंकला असता तरी ते ‘वा’ म्हणाले असते.

राजा खुशीत आला. “एका हातात सगळे नको, हे कुणी माझ्याच तोंडून वदवून दाखवावे! मागेल ते देईन. नाही जमले तर त्याने राज्य सोडायचे. मुदत आज दुपारच्या जेवणापर्यंत!”

दरबारातले एक शास्त्रीबुवा तिवई घेऊन पुढे आले. “महाराज, हिचे दोन पाय काढले तर...”

“काढा!” राजा म्हणाला. दोन पाय काढले. राजा एका पायाच्या तिवईवर बसला, चार शिपायांनी त्याला चहूकडून धरून ठेवले. “बघा, कशी झकास उभी आहे!”

“वा!” दिवाणजी म्हणाले. शास्त्रीबुवा घरी सामान बांधायला गेले.

हे सारे मुदपाकखान्याच्या दारातून गोजरा पाहत होती. गोजरा शेवरगावची. राजाचे ताट राजाआधी चाखायचे, हे तिचे काम. कारभाऱ्याने काय शिजवायचे ते ठरवायचे, विसोबा आचाऱ्याने रांधायचे, गोजराने राजासमोर बसून प्रत्येक पदार्थाचा घास घ्यायचा, आणि अर्ध्या घटकेनंतर ती ठणठणीत दिसली की मगच राजाने जेवायचे. सात पिढ्यांची रीत होती. गोजराच्या डोळ्यांपुढे मात्र तळे होते, आणि तळ्याकाठचे आईचे वांग्यांचे वाफे.

“विसोबाकाका, आज तुम्ही घरी जा. कारभाऱ्यांनाही न्या.”

“आणि स्वयंपाक?”

“महाराजांचाच हुकूम पाळतेय, काका!”

दुपारी राजा पाटावर बसला. शेजारी दिवाणजी. गोजराने ताट मांडले. भरली वांगी, आमसुलाचे सार, साजूक तुपाची धार धरलेला भात. राजाच्या नाकपुड्या फुलल्या.

“विसोबा कुठे आहे?”

“सुट्टी दिली, महाराज. कारभाऱ्यांनाही. काय करायचं ते मीच ठरवलं, मीच रांधलं.”

“शाबास! पाहिलंत दिवाणजी? पोरगी शिकली! बस, चाख आता.”

“चाखलं की! आत, चुलीपाशीच.”

“माझ्यासमोर नाही?”

“कशाला महाराजांचा वेळ घालवायचा? मीच रांधलं, मीच चाखलं आणि मीच निकाल दिला, की ताट निर्दोष आहे!”

राजाचा हात वांग्यावर गेला आणि तिथेच थांबला. त्याने वांग्याकडे पाहिले, मग गोजराकडे, मग पुन्हा वांग्याकडे.

“दिवाणजी, तुम्ही घ्या बरं एक घास.”

“माझा आज प्रदोष, महाराज!”

“प्रदोष परवा झाला!”

“परवाचा राहिला होता, तो आज धरलाय!” दिवाणजींनी पाट दोन हात मागे सरकवला. ‘वा’ काही आले नाही.

“गोजरा, खरं सांग. यात काही कालवलेलं तर नाही ना?”

“मी नाही म्हटलं, तर महाराजांना पटेल?”

“कसं पटेल?” राजा ओरडला. “रांधणारी तूच, चाखणारी तूच, निकाल देणारीही तूच! अशाने जीव जाईल कुणाचा तरी! रांधणारा वेगळा हवा आणि चाखणारा वेगळा हवा! एका हातात सगळं असून कसं चालेल?”

राजाचे तोंड उघडे ते उघडेच राहिले.

“वदवलं, महाराज!” गोजराने हात जोडले.

“छे! छे! मी ताटाबद्दल बोललो!” राजा लाल झाला. “राज्याबद्दल नाही!”

“ताट तर महाराज एकटेच जेवणार. नको वाटलं तर ढकलून देतील. तुमचा हुकूम मात्र सगळ्या राज्याला गिळावा लागतो, ढकलायची सोय नाही. तो आधी चाखणारे एक पंत होते, त्यांना तुम्ही घरी बसवलंत.”

राजाने मिशीला पीळ द्यायला हात उचलला, तो मध्येच सोडून दिला. पोट आधी हलले, मग खांदे, आणि मग राजा असा हसला की कमरेचे तिन्ही शिक्के खणाखण वाजले. “हरलो! घ्या हे ओझं! बोलवा पंतांना! सभेचं कुलूप काढा, आणि शास्त्रीबुवांना म्हणावं, सामान सोडा! बोल गोजरा, काय हवं?”

“शेवरगावचं तळं आहे तिथंच राहू द्या. सभेचा आणि पंतांचा शिक्का घेऊन ताम्रपटात लिहून द्या. नुसता महाराजांचा शब्द नको.”

“माझ्या शब्दावर एवढाही विश्वास नाही?”

“आहे ना! महाराजांचा माझ्या वांग्यावर आहे तेवढा!”

राजा पुन्हा हसला. पंत आले, सभा भरली आणि तीन हातांनी तीन शिक्के उठले. तोवर भात गार झाला होता. गोजरा राजासमोर बसली आणि रीतीप्रमाणे तिने एकेक घास घेतला. अर्धी घटका गेली. ती ठणठणीत होती. मग कुठे राजाने वांगे तोंडात टाकले आणि कपाळाला आठी घातली.

“अगं, यात मीठच नाही!”

“हो का?” गोजरा म्हणाली. “माझं मलाच चाखायचं होतं ना महाराज, मला तर फक्कड लागलं होतं!”