झिपरीची लाल चिंधी

या, जवळ सरका. मांडी घाला. ही गोष्ट आहे एका खारीची, आणि खार आहे भारी घाईत.

शाळेच्या अंगणात होती एक जांभळी. जांभळीला होती ढोली. ढोलीत राहायची झिपरी खार. तिचं होतं एक बाळ, अंगठ्याएवढं. बाळाची होती झोळी, लाल चिंधीची. मऊ मऊ, उबदार. झोळीशिवाय बाळाला झोप नाही म्हणजे नाही.

आज शाळेत नुसती धमाल. इथे शिकून मोठी झालेली माणसं आज परत येणार होती. दादा येणार, ताया येणार, आजोबासुद्धा येणार. वर्षातून एकदाच येतात ना. म्हणून सगळ्यांची पळापळ. कुणी अंगण झाडतंय, कुणी रांगोळी काढतंय. मुलं पताका ओवतायत.

झिपरीने चिंधी धुतली, फांदीवर वाळत घातली. आला वारा, भुर्रर्र. चिंधी पडली पताकांच्या टोपलीत. मुलांना वाटलं, हीपण पताकाच. बांधली सुतळीला, लांब काठीने चढवली फाटकाच्या कमानीवर.

बाळ लागलं रडायला. चुईं चुईं, चुईं चुईं. झिपरी गेली कमानीवर, सुर्रर्र. ओढून पाहिलं. गाठ घट्ट. दात लावावा, तर चिंधीच फाटायची. आता काय करावं बाई?

कमानीखाली होते मांडववाले बारकूमामा. खांद्यावर झेंडूचा हार, शेजारी उंच शिडी.

झिपरी गेली टुणुक टुणुक.

"मामा, ओ मामा, चिंधी सुटेना, बाळ निजेना, चुईं चुईं थांबेना."

मामा हसले. म्हणाले, गाठ काय, आत्ता सोडतो. पण ढोल घुमला की मगच शिडी लावायची आणि हार चढवायचा, अशी इथली रीत आहे. ढोल घुमल्याशिवाय शिडी नाही.

मग झिपरी गेली ढोलवाल्या मुक्ताताईकडे. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक.

"ताई, ओ ताई, शिडी लागेना, चिंधी सुटेना, बाळ निजेना, चुईं चुईं थांबेना."

मुक्ताताईने ढोल बांधला होता कमरेला. सकाळपासून सराव करून तिचे हात दुखत होते, आणि पोटात कावळे ओरडत होते. ती म्हणाली, "आधी पोटात शिरा, मग हातात टिपरू. शिरा उतरल्याशिवाय ढोल नाही."

मग झिपरी गेली नामाबुवा आचाऱ्याकडे. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. अहाहा, काय तो वास! तूप, वेलची, केळं. झिपरीच्या मिशा थरथरल्या. पण ती थांबली नाही हं.

"बुवा, ओ बुवा, ढोल घुमेना, शिडी लागेना, चिंधी सुटेना, बाळ निजेना, चुईं चुईं थांबेना."

नामाबुवांनी ढवळता ढवळता घाम पुसला. ही थोरली कढई, हे थोरलं उलथणं. पाहुण्यांना शिरा गरमच द्यायचा असतो, ते म्हणाले. घंटा झाल्याशिवाय शिरा उतरायचा नाही.

मग झिपरी गेली घंटेपाशी. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. तिथे होत्या केसरमावशी. त्यांनी चिंच लावून घंटा घासली होती, लख्ख. झिपरीला घंटेत आपलंच तोंड दिसलं.

"मावशी, ओ मावशी, शिरा उतरेना, ढोल घुमेना, शिडी लागेना, चिंधी सुटेना, बाळ निजेना, चुईं चुईं थांबेना."

मावशींचा जीव कळवळला. पण त्या तरी काय करणार? रोज घंटा त्याच देत. आज मात्र शाळेची सगळ्यात जुनी मुलगी येते, बाकावर बसते, हजेरी देते, आणि मग तीच घंटा देते. त्यांनी फाटकाबाहेर बोट दाखवलं. करंजाच्या झाडाखाली बसल्या होत्या गोदूआजी.

शाळेची मुलगी म्हणजे आजी? हो तर. आजीपण आधी मुलगीच असते.

झिपरी गेली आजींकडे. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. बिचारी दमली हो. धाप लागली.

"आजी, ओ आजी, घंटा होईना, शिरा उतरेना, ढोल घुमेना, शिडी लागेना, चिंधी सुटेना, बाळ निजेना, चुईं चुईं थांबेना."

आजींनी नवं लुगडं नेसलं होतं. केसांत लाल रिबीन बांधली होती, शाळेतल्यासारखी. पण तोंड एवढंसं झालं होतं. त्या म्हणाल्या, "माझ्या वर्गातलं कुणीच आलं नाही गं. बाकावर शेजारी कोण बसणार? एकटी मी आत जायची नाही."

झिपरीने कान टवकारले. तिकडे जांभळीवर बाळ रडतंय, चुईं चुईं. इकडे आजींचे डोळे भरलेत. दोघांनाही कुणीतरी जवळ हवंय.

झिपरीने शेपटी झटकली. म्हणाली, "मी बसते."

"तू? तू कुठली?"

"याच जांभळीवरची. इथेच जन्मले, इथेच वाढले."

आजी हसल्या. "अगं, मग तू माझ्याच शाळेतली की."

झिपरी चढली आजींच्या खांद्यावर, सुर्रर्र. दोघी निघाल्या. फाटकातून आत. अंगणातून पुढे. पहिल्या बाकावर आजी बसल्या, शेजारी झिपरी बसली. मोठ्या बाईंनी हजेरी घेतली.

"गोदावरी?"

"हजर!"

आजींनी शेजारी बोट दाखवलं. बाईंनी मान डोलावली.

"झिपरी?"

"चिक!"

सगळी शाळा हसली. आणि मग काय विचारता!

आजींनी दोर ओढला, ठण ठण ठण. घंटा झाली, शिरा उतरला. मुक्ताताईने घास घेतला, टिपरू उचललं. ढोल घुमला, ढम ढम ढमाढम. शिडी लागली. बारकूमामा चढले, खट खट खट. हार चढला, गाठ सुटली. चिंधी आली खाली, भिरभिर भिरभिर, थेट झिपरीच्या पंजात.

पताकांमध्ये एक जागा रिकामी राहिली. आजींनी केसांची लाल रिबीन सोडली आणि मामांकडे दिली. मामांनी ती तिथे बांधली, फरफर फरफर.

आणि फाटकातून सगळी आत आली. दादा आले, ताया आल्या, आजोबासुद्धा आले. कुणी गळ्यात पडलं, कुणी पाठीत धपाटा घातला. सगळ्यांनी गरम गरम शिरा खाल्ला.

झिपरी कुठाय? ती केव्हाच पळाली. टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. जांभळीवर चढली, सुर्रर्र. ढोलीत झोळी बांधली. बाळाला आत ठेवलं आणि हळूच हजेरी घेतली.

"बाळ?"

"चुईं."

एकदाच हं. मग बाळ निजलं. खाली ढोल वाजतच होता, ढम ढम ढमाढम, आणि बाळ आपलं गाढ झोपलेलं.