ठकीच्या पिल्लांची शिकवणी

ओढ्याकाठच्या एका गावात एक बुरडीण होती. धान्य साठवायला तिने विणलेली बांबूची कणगी दोन पिढ्या टिकायची. पण तिच्याहून मोठं नाव होतं तिच्या मांजरीचं, ठकीचं. ठकी ज्या घरात शिरे, तिथले उंदीर बिऱ्हाड हलवत. कणगीचं कौतुक केलं तर बुरडीण नुसती हसे, ठकीचं केलं तर चहा पाजी.

ठकीला तीन पिल्लं झाली. महिना होतो न होतो तोच धान्याच्या वखारीची मालकीण दारात हजर. उंदरांनी वखारीत उच्छाद मांडला होता.

"एक पिल्लू दे गं. डोळे उघडलेत, दूध चाटतंय. आणखी काय हवं?"

"मालकीणबाई, महिना-दीड महिना थांबा. अजून त्याचं शिकणं सुरूच झालं नाही."

"मांजराला उंदीर धरायला शिकवावं लागतं होय? आणि गावोगावी विकायला दरसाल वीस कणग्या मी तुझ्याकडूनच घेते, विसरू नकोस!"

वीस कणग्या म्हणजे बुरडिणीची निम्म्या वर्षाची कमाई. तरी ती म्हणाली, "कोवळ्या बांबूला कीड लागते, म्हणून त्याची कणगी तुम्हाला कधी दिली नाही. मग कोवळं पिल्लू कसं देऊ?"

मालकीण तणतणत गेली. तिने शेजारच्या गावातून महिन्याचं पिल्लू आणलं आणि कणग्याही तिथल्याच बुरडाला सांगितल्या.

इकडे ठकीने शाळा मांडली. अर्धमेला उंदीर पिल्लांपुढे टाकायचा, सुटला की पुन्हा धरून आणायचा. भावंडाला जोरात चावलं की पंजा बसे. पुढे पुढे दूध मागणाऱ्यालाही ती गुरकावू लागली. बुरडीण हातातलं काम टाकून बघत बसे.

दीड महिन्याने मालकीण परत आली. तिच्या ओच्यातलं पिल्लू आईसाठी रडून रोडावलं होतं. माणसाला ओरबाडायचं आणि उंदीर दिसला की फडताळामागे दडायचं.

"चुकलं माझं," ती खालच्या आवाजात म्हणाली. "कणग्या तुझ्याच घेईन."

"कणग्यांचं मागाहून बघू. हे माझं पिल्लू आज न्या, काल त्याने एकट्याने उंदीर मारलाय. आणि तुमचं इथे ठेवा."

ठकीने ते परकं पिल्लू हुंगलं, एकदा फिस्कारली आणि मग त्याचं डोकं चाटायला लागली.

बुरडिणीचा ऊर अभिमानाने भरून आला. "बघितलंत? माझ्या ठकीच्या हाताखालून कच्चं कुणी बाहेर पडत नाही!"

तात्पर्य: डोळे उघडले म्हणजे शिकून झालं असं नव्हे, आईजवळचे दिवस पुरे भरल्याशिवाय पिल्लू उचलू नये.