कोजमाची रोजची घागर

वसईच्या खाडीकाठी भुईघर गावात शेकडो वर्षांचं दगडी चर्च आहे. आज दारात संरक्षित वारशाची निळी पाटी दिसते. पण ते आजवर टिकलं कुणामुळे, ते ऐका. फार वर्षांपूर्वी चर्चमागच्या खोलीत आपले पाद्री लोरेन्सबाबा राहत. झग्याला ठिगळं, पण दारातून उपाशी कुणी परतलं नाही!

गावात कोजमा होती. नवरा होडीसकट समुद्राने नेलेला, पदरी तान्ही लेक. लेकीच्या बाप्तिस्म्याला देवापुढे ठेवायला मेणबत्तीसुद्धा नाही, म्हणून ती रडू लागली. बाबा तिला परसात घेऊन गेले. तिथे बांधकामासाठी पाण्यात विरवलेल्या चुन्याचा खड्डा होता. बाबा म्हणाले, "बाय, लेकराला पाजतेस ना? तसं यालाही रोज एक घागर पाज. हीच तुझी मेणबत्ती. कोरडा पडला की मेला."

सात वर्षं तिने घागर चुकवली नाही. लेक तापाने फणफणली, तेव्हा तिला पाठीशी बांधून आली.

बावतीस मेस्त्री म्हणजे मुंबईत सिमेंटचे बंगले उठवलेला माणूस. विहिरीवर सगळ्यांदेखत म्हणे, "काय गो कोजमे, फुटला का कोंब तुझ्या चुन्याला? त्यापेक्षा केळ लाव, घड तरी खाशील!" बायका पदराआड हसत. कोजमा घागर उचलून वाट धरी.

एका वर्षी चर्चचा सण आठ दिवसांवर आला आणि वेदीवरच्या कमानीला मनगट जाईल एवढी भेग पडली. बावतीसने टेकू लावले नि सांगून टाकलं, "आता चर्च पाडायचं. उद्या माणसं आणतो." कोजमाच्या लेकीच्या कपाळावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं ते इथेच, नवऱ्याच्या मरणाची घंटा वाजली तीही इथेच.

बाबा काठी टेकत पुढे आले. "बावतीसा, कमान चुन्याची आहे. चुन्यानेच भर."

"बाबा, त्याला वर्षानुवर्षं मुरलेला चुना लागतो. आणू कुठून?"

बाबांनी नुसतं कोजमाकडे पाहिलं.

खड्ड्यावरची फळी सरकवली. चुना लोण्यासारखा! तरी बावतीस म्हणाला, "दहा घमेली निघतील फार तर. लागतील पन्नास."

"तू भेग भर," बाबा म्हणाले. "खड्ड्यात डोकावू नकोस."

दहा झाली, वीस झाली. कोजमा वाकून घमेली भरत होती. एरवी पोळणारा चुना, पण दर खेपेला हाताला गार, मऊ लागे. झोपलेल्या लेकीच्या गालासारखा. सांजेची घंटा झाली, पन्नासाव्या घमेल्याने भेगेत शेवटचा थर बसला. कोजमाने पुन्हा हात घातला, तर तळाशी नुसती ओली माती!

बावतीस बांबूच्या परांचीवरून उतरला आणि खड्ड्यात डोकावला. मग बाबांच्या पायांशी वाकला. बाबांनी त्याला खांद्याला धरून कोजमाकडे वळवलं.

चुन्याने माखलेले हात जोडून मेस्त्री तिच्यापुढे वाकला. "चुकलो गो बाय. नवा चुना मी विरवतो." मग मान खाली घालूनच म्हणाला, "आणि उद्याची घागर... ती मला आणू दे."